नागपुरातलं एक सरकारी एआरटी केंद्र : डॉक्टर झकास, बसायची सोय भंगार

दादा इथून एचआयव्हीच्या गोळ्या घेतो (एआरटी म्हणजे हाच औषधोपचार), मी सोबत जाते. बर्डीहून ऑटो मिळतो. रांग लांब, पंखा एकच अन् तोही खिडकीवाल्याच्या डोक्यावर. मे महिन्यात पाण्याची बाटली न्या बाप्पा! सगळ्यांसमोर नाव पुकारतात, ते तर मुळीच पटलं नाही.

पण डॉक्टर मॅडम! दादानं विचारलं, ‘जर्मनीत एक जण पूर्ण बरा झाला म्हणे, मग मी का नाही?’ मॅडमनी हसण्यावारी नेलं नाही. कागदावर पेशी काढली. बर्लिनच्या टिमोथी ब्राउनला रक्ताचा कॅन्सर होता, म्हणून २००७ मध्ये डॉ. ह्युटर यांनी त्याच्यावर रक्त तयार करणाऱ्या मूलपेशींचं प्रत्यारोपण केलं. दाता मुद्दाम असा शोधला, की ज्याच्या पेशींवर विषाणूला आत शिरायला लागणारं सीसीआर५ हे दारच नव्हतं. ‘जिवावरचं काम आहे ते. नुसत्या एचआयव्हीसाठी कोणी करत नाही. तुम्ही गोळी चुकवू नका.’

टीएलडी गोळी, एकीत तीन औषधं, रोज एक, फुकट. व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) सापडेनासा झाला अन् तसाच राहिला, की शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे वहिनीला समोर बसवून सांगितलं.

सकाळी लवकर जा. मॅडम नसल्या तर समुपदेशक ताईंना गाठा, त्याही घाई करत नाहीत.