एकाच घरात ‘री’ आणि ‘रि’: रोजच्या शब्दकोड्याचा अकरा महिन्यांचा अनुभव

गेल्या महिन्यातील एका मंगळवारी आमच्याकडे येणाऱ्या मराठी दैनिकाच्या शब्दकोड्यात ‘नाशिकची नदी’ असे चार अक्षरी आडवे शोधसूत्र होते आणि तिच्या शेवटच्या घरातून खाली उतरणारा तीन अक्षरी उभा शब्द ‘प्रथा, चाल’ या अर्थाचा हवा होता. नदी गोदावरीच, त्यात दुमत होण्याचे कारण नव्हते. त्यामुळे उभा शब्द ‘री’ने सुरू होणे भाग होते. सासूबाईंनी आणि मी मिळून त्यावर पाऊण तास घालवला. दीर्घ ‘री’ने सुरू होणारा तीन अक्षरी शब्द त्यांना एकच सुचला, ‘रीतीने’, आणि त्याला प्रत्यय लागलेला असल्यामुळे तो त्यांनी स्वतःच बाद केला. दुसऱ्या दिवशी ‘कालचे उत्तर’ पाहिले तेव्हा त्या कोपऱ्यात वरून खाली ‘री’, ‘वा’, ‘ज’ अशी तीन अक्षरे छापलेली होती. शब्द होता रिवाज, आणि त्यातला ‘रि’ ऱ्हस्व असतो. मी हा अनुभव लिहायला बसले आहे ते त्या एका वेलांटीमुळे, हे आधीच सांगितलेले बरे.

हा अंक आम्ही बातम्यांसाठी घेत नाही. सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत, दोन्ही डोळ्यांनी नजरेच्या मध्यभागीचे दिसत नाही, भिंग धरूनही छापील अक्षर लागत नाही. मात्र कोड्याची सवय साठ वर्षांची असल्यामुळे ते सुटले नाही तर दिवसभर चुकल्यासारखे होते. म्हणून अकरा महिन्यांपूर्वी ९९९ रुपयांची वार्षिक योजना घेतली, जिच्याबरोबर एक प्लास्टिकचा डबा भेट मिळाला आणि त्याचे झाकण पहिल्याच आठवड्यात बसेनासे झाले. छपाईच्या सुट्ट्या वगळल्या तर वर्षाला साधारण ३५५ अंक येतात, म्हणजे एक कोडे दोन रुपये एक्क्याऐंशी पैशांना पडते. आतापर्यंत रद्दीचे ३१० रुपये आले, ते वजा केले तर दोन रुपयांच्याही आत. या दरात तक्रार करू नये असे माझे यजमान म्हणतात. त्यांनी ते कोडे कधी सोडवलेले नाही.

आमची पद्धत अशी आहे की मी सूत्र मोठ्याने वाचते, किती घरे आहेत आणि त्यातली कोणती अक्षरे आधीच भरली आहेत ते सांगते, आणि सासूबाई डोळे मिटून उत्तर देतात. याच पद्धतीमुळे ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न आमच्याकडे इतरांपेक्षा अधिक तापतो. कागदावर पाहणाऱ्याला वेलांटी कोणत्या बाजूला आहे ते दिसते. ऐकणाऱ्याला ते कळत नाही, कारण मराठी बोलताना आपण पिक आणि पीक यांत फरक करत नाही. पहिला कोकीळ आणि दुसरे शेतातले. सुत आणि सूत, दिन आणि दीन यांची गत तीच. त्यामुळे मी ‘तिसरे अक्षर नी’ असे म्हटले की सासूबाई लगेच विचारतात, “पहिली की दुसरी?” आणि मी पहिली वेलांटी किंवा दुसरी वेलांटी असे सांगितल्याशिवाय त्या पुढे जात नाहीत. इतकी काळजी घेऊन सोडवणाऱ्या माणसाला कोडे रचणाऱ्याने मात्र मात्रेचा भेद धरलेलाच नाही असे दुसऱ्या दिवशी कळावे, हे मला फसवणुकीसारखे वाटले.

हा दोष केवळ निष्काळजीपणाचा आहे की मराठी कोड्याच्या रचनेतच तो आहे, हा विचार मी नंतर केला. आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात शब्दकोड्याची हिऱ्याच्या आकाराची जी पहिली चौकट छापली, तिच्या प्रत्येक घरात इंग्रजीचे एक सुटे अक्षर होते, आणि एकूण अक्षरेच २६ असल्यामुळे दोन शब्दांना एक सामाईक अक्षर सहज सापडते. आपल्या घरात मात्र मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षर यांसकट अख्खे अक्षर बसते. ‘त’, ‘ता’, ‘ति’, ‘ती’, ‘तं’ आणि ‘स्त्री’ ही सहा वेगवेगळी अक्षरे, आणि दोन शब्द जिथे छेदतात तिथे दोघांनाही नेमके तेच अक्षर लागते. साहजिकच छेद घालणे कठीण जाते, काळे चौकोन वाढतात, आणि अनेक शब्दांचे एकच अक्षर दुसऱ्या शब्दाने तपासले जाते. आमच्या कोड्यात गोदावरीच्या पहिल्या तीन अक्षरांवर एकही उभा शब्द नव्हता.

त्यात १९६२ साली राज्य शासनाने मान्य केलेल्या लेखनविषयक नियमांची भर पडते. त्यांनुसार शब्दाच्या शेवटचा इकार किंवा उकार दीर्घ लिहायचा. संस्कृतातला रवि मराठीत एकटा असेल तर रवी होतो, वाराला जोडला की पुन्हा रविवार. उलट शब्दाच्या सुरुवातीचे अक्षर पुष्कळदा ऱ्हस्व असते: तिमिर, निशा, विहीर, रिवाज. म्हणजे एक शब्द जिथे संपतो तिथूनच दुसरा सुरू होत असेल, तर त्या घरात इकार-उकार येणे धोक्याचे असते, आणि चौकटीचा उजवीकडचा वरचा कोपरा हे नेमके तसे घर आहे. सासूबाईंचा आग्रह असा की त्या कोपऱ्यात काय आले ते मी सर्वांत आधी वाचावे. अकरा महिन्यांच्या वहीत मी ऱ्हस्व-दीर्घ न जुळणाऱ्या अशा २७ जागा टिपल्या आहेत. त्यांपैकी १९ याच कोपऱ्यातल्या आहेत.

रिवाजाच्या दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात दूरध्वनी केला. पहिल्या माणसाने वितरण विभागाला जोडून दिले, वितरणाने अंक वेळेवर येतो का ते विचारले, आणि तिसऱ्या प्रयत्नात संपादकीय विभागातील एका गृहस्थांनी शांतपणे सांगितले की कोडे बाहेरून तयार होऊन येते आणि त्यात ऱ्हस्व-दीर्घ एकच मानायचे असते. मी विचारले की हे कुठे छापले आहे. ते म्हणाले, “मॅडम, सोडवणाऱ्यांना माहीत असतं.” साठ वर्षे कोडी सोडवणाऱ्या बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या आणि त्यांना ते माहीत नव्हते. चौकटीखाली ‘ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मानलेला नाही’ एवढी एक ओळ छापायला किती शाई लागते, हे मला त्यांना विचारायचे होते. पण तोवर फोन ठेवला गेला होता.

इथपर्यंतचा मजकूर मी त्याच आठवड्यात रागाच्या भरात लिहून ठेवला होता. त्यानंतरच्या रविवारी मी स्वतः सात बाय सातची चौकट आखून बसले. सकाळी नऊला सुरुवात केली आणि दुपारच्या चहापर्यंत माझ्याकडे अकरा शब्द, तीन न भरलेली घरे आणि ‘मती’च्या शेवटाशी अडकलेला ‘तिमिर’ एवढाच ऐवज होता. ‘तिमिर’ काढला तर ‘रजनी’ निराधार होत होती, ‘मती’ काढली तर डावी बाजू पूर्ण कोसळत होती. जो माणूस हे रोज करतो त्याच्याबद्दल मी वर जे लिहिले आहे त्यातला फसवणूक हा शब्द मागे घेते. वर्षाला ३५५ चौकटी रचणे हे काम आहे, आणि ज्या पानावर भविष्य लिहिणाऱ्याचे नाव छापून येते त्याच पानावर कोडे रचणाऱ्याचे येत नाही.

तरीही गोदावरीचा गुन्हा मला माफ करवत नाही, कारण तो टाळता येत होता. रिवाजाचा ‘ज’ तिसऱ्या ओळीतल्या ‘समाज’ या आडव्या शब्दाशी छेदत होता. बाकी काही अडलेले नव्हते. रचणारा नाशिकऐवजी कोल्हापूरला गेला असता तर पंचगंगा मिळाली असती, ‘गा’ने उभा शब्द गायन झाला असता, आणि ‘समाज’चा ‘समान’ करून सगळे जागच्या जागी बसले असते. मला हे सुचायला भाजी चिरण्याइतका वेळ लागला. अकारान्त किंवा आकारान्त अक्षर कोपऱ्यात ठेवले की वेलांटीचा प्रश्नच उद्भवत नाही, एवढे पथ्य पाळले तर १९ पैकी निम्म्याहून अधिक जागा सुधारतील असे वही पाहून वाटते.

आता कौतुकाचे. छेद कमी असल्यामुळे या कोड्यात शब्द आधी माहीत असावा लागतो, आणि म्हणूनच तो समजावून सांगण्यात खरी मजा आहे. पहिल्याच महिन्यात ‘पक्षी’ या दोन अक्षरी सूत्राचे उत्तर सासूबाईंनी ‘खग’ असे दिले आणि मी ते निमूटपणे लिहिले, तर त्यांनी मला थांबवून सांगितले, “अगं, ख म्हणजे आकाश आणि ग म्हणजे जाणारा. नुसतं लिहू नकोस.” त्यानंतर ‘पर्वत’ आला तेव्हा नग मला आपोआप उमगला, कारण जो जात नाही तो नग. ‘साप’ तीन अक्षरांत आला तेव्हा उर म्हणजे छातीने जाणारा उरग, आणि घोडा तर वेगाने जाणारा तुरग. मी एरवी ‘काय नग आहे’ असे ज्या अर्थाने म्हणते त्याचा पर्वताशी संबंध आहे का, असे विचारल्यावर त्यांनी उत्तर द्यायचे टाळले. उलट ज्या सूत्रांत अभिनेत्रींची आडनावे किंवा नव्या महामार्गांची नावे येतात, तिथे समजावण्याचे काम माझ्याकडे असते, आणि त्या ते फारशा आस्थेने ऐकत नाहीत.

अकरा महिन्यांतले सर्वोत्तम सूत्र श्रावणात आले होते: ‘नदी उलटली की गरीब (२)’. मी वाचले, क्षणभर शांतता झाली, आणि मग त्या एकदम हसल्या. दीन. नदीची दोन अक्षरे उलटी केली की दीर्घ ‘दी’ जागच्या जागी येते आणि पूर आलेल्या गावाचे काय होते तेही कळते. हे सूत्र ज्याने लिहिले त्याला ऱ्हस्व-दीर्घ नक्की कळतो, कारण तिथे ‘दि’ चालला नसता, दिवस झाला असता. म्हणूनच रिवाजाचा राग अधिक येतो.

‘रिपू’ हा शब्द मात्र आता पुरे. माझ्या वहीत तो २३ वेळा आहे, त्याखालोखाल पाण्याचा ‘तोय’ आणि पोपटाचा ‘शुक’. शत्रूला मराठीत वैरी असेही म्हणतात.

सासूबाईंना बक्षिसाची कोडी आठवतात. त्यांचे वडील प्रवेशिकेबरोबर पोस्टल ऑर्डर जोडून पाठवत, आणि त्यात ‘मान’ की ‘दान’ असे दोन्ही शब्द अर्थाने बसत असत; संयोजकाच्या बंद पाकिटात कोणता आहे यावर पैसे ठरत. तो सगळा बाजार १९५५ च्या बक्षीस स्पर्धा कायद्याने आटोक्यात आणला: महिन्याला एकूण बक्षीस एक हजार रुपयांपेक्षा अधिक नको आणि प्रवेशिका दोन हजारांपेक्षा अधिक नकोत. शब्दकोड्यांच्या स्पर्धा चालवणारे चमारबागवाला सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथे १९५७ साली निर्णय झाला की जुगार हा व्यापार नव्हे, आणि ज्या स्पर्धेत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते तिला हा कायदा लागू नाही. हे मी त्यांना वाचून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या की त्यांच्या वडिलांचे कौशल्य पुष्कळ होते, पण पाकीट कधी जुळले नाही. आमच्या कोड्याला बक्षीस नाही, आणि ते बरेच आहे. री-रि वरून न्यायालयात जावे लागले असते.

किरकोळ बाबी थोडक्यात सांगते. पानभर जाहिरात असली की कोडे आकसते आणि घर सहा मिलिमीटरचे होते, ज्यात ‘ष्ट्री’ लिहिणे शिसपेन्सिलीला टोक काढूनही जमत नाही. स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी अंक नसतो, त्यामुळे उत्तर एक दिवस उशिरा मिळते. दोनदा ‘कालचे उत्तर’ भलत्याच कोड्याचे होते आणि तिसऱ्या दिवशीही दुरुस्ती आली नाही. कागद पातळ असल्यामुळे खोडरबर जपून वापरावे लागते. मोबाईलवरची फुकट कोडी आम्ही आठवडाभर वापरून सोडली, कारण चुकीचे अक्षर घातले की ते तिथे लगेच लाल होते, आणि सासूबाईंच्या मते चूक संध्याकाळपर्यंत घरात राहिली पाहिजे.

परवा योजनेचा मुलगा नूतनीकरणासाठी आला. चौकटीखाली ती एक ओळ छापून येईपर्यंत वर्षाचे पैसे एकदम द्यायचे नाहीत असे मी ठरवले होते, म्हणून सहा महिन्यांचा दर विचारला. तो ५९९ रुपये म्हणाला. मी तिथेच हिशेब केला, तर कोडे तीन रुपये सदतीस पैशांना पडत होते. सासूबाई आतून सगळे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “मग वर्षाचंच घे, आणि त्या डब्याचं झाकण बदलून माग.”