वहीत लिहावं की मावशीला सांगावं?

बाबा गेले, आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात माझी झोप उडाली. मन मोकळं करायला दोन वाटा होत्या: वही किंवा मावशी.

वहीच्या बाजूने संशोधन आहे. मानसशास्त्रातले संशोधक जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं लिहिलं. आघाताची घटना आणि त्याबद्दलच्या भावना, दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या ६ महिन्यांत इतरांपेक्षा कमी होत्या. लिहून उठल्यावर मात्र त्यांचं मन आणखीच जड झालं होतं. हे आधीच माहीत असलेलं बरं. मी बाबांच्या हिशेबाच्या वहीत मागून लिहायला घेतलं, पान उलटलं, तर त्यांच्या अक्षरात ‘दूध, २ पिशव्या’. पेन तिथेच थांबलं.

मावशीबरोबर सूरसागर तलावाला फेरी मारताना बोलणं सोपं जातं. ती मध्येच हात धरते, वहीला ते जमत नाही. पण तेच ते उगाळण्यात धोका आहे. मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ यांच्या २००२च्या अभ्यासात, अडचणी एकमेकांशी सतत चघळणाऱ्या शाळकरी मुलांची मैत्री घट्ट होती, पण उदासी आणि चिंताही जास्त होती.

माझा कौल: आधी वही, मग मावशी. कित्येक आठवडे झोप-जेवण बिघडलेलं असेल, तर थेट डॉक्टर.

ते पान मी मावशीला दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाली, “दोनच? रविवारी तर भाऊजी चार घ्यायचे, बासुंदीला.”