लम्पीची सरकारी मदत : आमच्या गोठ्याचा अनुभव

2022 च्या ऑगस्टमध्ये रावेर तालुक्यातल्या चिनावलला लम्पी या गुरांच्या त्वचारोगाची जनावरं पहिल्यांदा सापडली, आणि दोन महिन्यांत तो आजार आमच्या गोठ्यात शिरला. वसुबारसेच्या चार दिवस आधी चंद्री गेली. दुसऱ्या वेताची संकरित गाय, दोन्ही वेळचं मिळून बारा लिटर दूध देणारी. अंगभर गाठी, पायांना सूज, शेवटचे तीन दिवस पाण्यालाही तोंड लावलं नाही.

लम्पीने दगावलेल्या दुभत्या गाईला 30,000, बैलाला 25,000 आणि वासराला 16,000 रुपये असे दर शासनाने ठरवले होते. चंद्रीचे 30,000 आम्हाला पूर्ण मिळाले. मध्ये कुणी एक रुपया मागितला नाही, हे मी आवर्जून लिहिते. ती गाय आम्ही 62,000 ला घेतली होती, तरी त्या पैशांत पतसंस्थेचा थकलेला हप्ता फिटला आणि घर सावरलं.

पशुधन विकास अधिकारी फोन केल्यावर चार तासांत आले. त्यांनी कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर टिपला, फोटो काढले, ग्रामपंचायतीच्या दोघांना पंच म्हणून उभं करून पंचनामा लिहिला. निघताना सासूबाईंना म्हणाले, "आजी, दुसरीला वेगळी बांधा, गोचीड-माश्यांचं बघा." असा माणूस प्रत्येक तालुक्याला मिळावा.

पैसे मात्र बँकेत अडकले. आधारवर माझं नाव एक, पासबुकात आडनावाची वेलांटी वेगळी. तेवढ्यासाठी पाच खेपा झाल्या. दर खेपेला सकाळचं दूध घालून एसटी पकडायची आणि दुपारच्या धारेला परत यायचं. रक्कम जमा झाली ती जानेवारीत.

माझी खरी तक्रार दुसरीच आहे. ही मदत मेलेल्या जनावराचीच आहे. आमची दुसरी गाय जगली, पण सहाव्या महिन्यात गाभडली आणि आठ लिटरवरून तीनवर आली. ती पुन्हा पूर्वीसारखी दुधाला आलीच नाही. आमच्या सर्जा बैलाच्या पायाला जखमा झाल्या, हरभऱ्याच्या पेरणीला तो उभाच राहू शकला नाही, ट्रॅक्टर भाड्याने लावावा लागला. लस फुकट मिळाली. पण रात्री-अपरात्री खाजगी डॉक्टरला बोलवावं लागलं, त्याचे आणि औषधांचे मिळून अकरा हजार गेले. कार्यालयात विचारलं तर उत्तर आलं, "ताई, जिवंत जनावराला या फॉर्मात रकानाच नाही." त्यांनी शांतपणे सांगितलं, त्यांचा दोष नाही. पण तो रकाना हवा. दुधावर चालणाऱ्या घराला आटलेली कासही मेलेल्या गाईइतकीच महागात पडते.

2025 च्या पुरात दुभत्या जनावराला 37,500 आणि ओढकामाच्या जनावराला 32,000 जाहीर झाले, मदतीसाठीची तीन जनावरांची मर्यादाही काढली. दर वाढले याचं समाधान आहे. पण तेही दगावलेल्यांनाच.

माझ्याकडून पाचपैकी तीन तारे. ज्यांच्यावर वेळ येईल त्यांनी पंचनामा झाल्याशिवाय जनावर पुरू नये, वास सुटला तरी थांबावं. आणि बिल्ला पडला असेल तर आजच दवाखान्यातून नवा मारून घ्यावा. आमच्या शेजाऱ्यांच्या गोऱ्ह्याला तो नव्हता, त्यांचे 16,000 अजून आलेले नाहीत.