संपादनांची संख्या की वाचकांची मते?

विकिपीडियावर तुम्ही किती संपादने केलीत ते मोजले जाते. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगविषयीच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर तुमचे उत्तर इतरांना कितपत उपयोगी पडले ते. इंग्रजी विकिपीडियाच्या काही संरक्षित लेखांत बदल करायला ३० दिवसांचे खाते आणि ५०० संपादने लागतात. खोडसाळांना रोखायला ही अट चांगलीच. पण स्वल्पविराम सुधारणे आणि संदर्भ धुंडाळून अख्खा परिच्छेद लिहिणे, दोन्हींची नोंद एकच, हे मला फार खटकते.

स्टॅक ओव्हरफ्लोवर उत्तराला पसंतीचे मत मिळाले की १० गुण मिळतात, नापसंतीने २ जातात. इथेही सर्वांना पडणाऱ्या सोप्या प्रश्नाचे उत्तर भरभरून मते घेते, अवघड विषयातले अचूक उत्तर उपेक्षित राहते. तरी माझा कौल मतांनाच: निदान कोणीतरी वाचून दाद दिलेली असते.