वार्धक्य शिकवायचं कसं: वेगळा पेपर, एक भेट की सत्रभराचा सहवास?

कॉलेजात वार्धक्य आणि ज्येष्ठांसाठीच्या सेवा हा विषय पहिल्यांदा शिकवणार असाल, तर पहिल्या तासाला पुस्तक उघडू नका. मुलांना कोरा कागद द्या आणि ‘ऐंशी वर्षांचं माणूस’ म्हटल्यावर मनात येणारे पाच शब्द लिहायला सांगा. काठी, आजार, एकटेपणा, विसराळू, हट्टी हे शब्द हमखास येतात. ‘अनुभवी’, ‘प्रेमळ’ असेही येतात, पण तेही साच्यातलेच. ‘कामावर जाणारी’, ‘नवी भाषा शिकणारा’ असं काही लिहिणारा विद्यार्थी विरळाच. ते कागद जपून ठेवा, सत्र संपताना लागतील.

या साच्याला नाव आहे. रॉबर्ट बटलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने 1969 मध्ये ‘एजिझम’ हा शब्द घडवला. मराठीत आपण त्याला वयभेद म्हणू. वयभेद म्हणजे फक्त म्हाताऱ्यांशी वाईट वागणं नव्हे. त्यांच्याशी लाडिक, संथ, लहान मुलाशी बोलावं तसं बोलणं हाही वयभेदच, आणि सेवाक्षेत्रात जाणाऱ्या मुलांकडून तो सगळ्यात सहज घडतो. याची झळ मुलांनाही बसते. बेका लेव्ही आणि सहकाऱ्यांचा 2002 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मी दर वर्षी वर्गात सांगते. पन्नाशी ओलांडलेल्या 660 लोकांची माहिती त्यांनी तपासली. स्वतःच्या म्हातारपणाकडे चांगल्या नजरेने पाहणारे लोक इतरांपेक्षा सुमारे साडेसात वर्षं अधिक जगले होते. नजरेमुळेच आयुष्य वाढलं असं यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण विसाव्या वर्षी मनात बसलेलं म्हातारपणाचं चित्र आपल्याला पुढे जन्मभर सांभाळावं लागतं, हे मुलांना चटकन कळतं.

आता निवडीकडे वळू. तुमच्यापुढे दोन प्रश्न असतात: विषय अभ्यासक्रमात कुठे बसवायचा, आणि शिकवायचा कोणत्या रीतीने. माझं मत आधीच सांगून टाकते. जागा कुठलीही मिळो, ज्येष्ठ माणसासोबत मुलांचा सलग काही आठवड्यांचा, बरोबरीच्या नात्याचा सहवास घडवता येत असेल, तर बाकीच्या गोष्टींना कात्री लावून तो घडवावा.

वेगळा पेपर की सगळीकडे थोडं थोडं?

वेगळ्या पेपरात खोलवर जाता येतं. शरीरातले बदल, मन, कुटुंब, निवृत्तिवेतन, सेवांची रचना, मृत्यू या सगळ्याला पुरेसे तास मिळतात. अडचण एवढीच की पेपर ऐच्छिक असला, तर ज्यांना आधीच आस्था आहे तीच मुलं तो घेतात. बँकेत, वकिलीत, वास्तुरचनेत जाणारी मुलं फिरकत नाहीत, आणि पुढे ज्येष्ठांची गाठ रोज पडणार असते ती त्यांच्याशीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2030 पर्यंत जगातल्या दर सहा माणसांपैकी एक जण साठीचा किंवा त्यापुढचा असेल.

म्हणून दुसरा पर्याय मोहात पाडतो: जे पेपर आहेत त्यांतच वार्धक्य मिसळायचं. सगळ्यांपर्यंत पोचतं, नवा पेपर मंजूर करून घेण्याची यातायात नाही. पण त्यात एक खोट आहे, आणि ती मला फार उशिरा दिसली. मानसशास्त्राच्या पेपरात म्हातारं माणूस येतं ते स्मृतिभ्रंशाच्या प्रकरणात. अर्थशास्त्रात येतं ते अवलंबित लोकसंख्येचा भार म्हणून. परिचर्येत शय्याव्रण म्हणून, कायद्यात मृत्युपत्र म्हणून. प्रत्येक शिक्षक आपापल्या जागी चूक काहीच सांगत नाही, पण चारही पेपरांची बेरीज विद्यार्थ्याच्या डोक्यात ‘आजारी, परावलंबी, खर्चिक’ अशी होते. वाढत्या वयात शब्दसंपदा आणि साठलेलं ज्ञान बराच काळ टिकतं, वेग मंदावतो तो नव्या माहितीवर झटपट प्रक्रिया करण्याचा, हे सांगणं कुणाच्याच वाट्याला आलेलं नसतं. दोन विशीतल्या मुलांमध्ये जितका फरक असतो त्याहून कितीतरी जास्त फरक दोन ऐंशीच्या माणसांमध्ये असतो, ही या विषयातली सगळ्यात मोलाची गोष्टही अशीच निसटते.

तेव्हा समाजकार्य, परिचर्या, समुपदेशन शिकवणाऱ्या विभागांनी वेगळा आणि अनिवार्य पेपर घ्यावा, यात मला शंका नाही. बाकीच्या कॉलेजांनी मिसळण्याची वाट धरावी, पण निरोगी, सर्वसाधारण वार्धक्यावरचे निदान चार तास पहिल्या वर्षात सर्वांना द्यावेत आणि त्यांची जबाबदारी एका माणसाच्या नावावर टाकावी. तिसरी वाटही आहे: ज्येष्ठांनाच वर्गात विद्यार्थी म्हणून घेणं. डब्लिन सिटी युनिव्हर्सिटीच्या पुढाकाराने 2012 मध्ये ‘वयस्नेही विद्यापीठा’ची दहा तत्त्वं ठरली, त्यांचा गाभा हाच. जिथे जमतं तिथे हे उत्तम, कारण शेजारच्या बाकावर बसून टिपणं काढणाऱ्या सत्तर वर्षांच्या सहाध्यायिनीकडे कुणी कीव करून पाहत नाही.

व्याख्यान

फक्त व्याख्यानांनी दृष्टिकोन बदलतो का? थोडा बदलतो, आणि माहितीवाचून पुढचं काहीच उभं राहत नाही. सुरुवातीला अर्डमन पामोर यांची 1977 ची 25 विधानांची चाचणी द्यावी. प्रत्येक विधान खरं की खोटं ते सांगायचं. मूळ चाचणीत विषम क्रमांकाची सगळी विधानं खोटी आणि सम क्रमांकाची खरी आहेत, त्यामुळे क्रम बदलून द्या, नाहीतर हुशार मुलं दहाव्या प्रश्नापर्यंत गुपित ओळखतात. आकडेवारीवर बेतलेली काही विधानं तेव्हाच्या अमेरिकेची आहेत, ती आपल्या देशाच्या ताज्या माहितीने बदलून घ्या.

सिद्धांतांना फार वेळ देऊ नये असं माझं मत. वृद्धांनी समाजातून हळूहळू अंग काढून घेणं स्वाभाविक आहे, असं मांडणारा 1961 चा विलगीकरणाचा सिद्धांत आणि त्याच्या विरोधात उभा असलेला सक्रियतेचा सिद्धांत यांवर एक तास वाद घडवला की पुरे. वाचलेला वेळ दोन मोजपट्ट्यांना द्यावा, कारण सेवाक्षेत्र प्रत्यक्षात त्यांवरच चालतं. सिडनी कॅट्झ यांच्या 1963 च्या यादीत सहा कामं आहेत: अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, पलंगावरून खुर्चीत बसणं-उठणं, मलमूत्रावर ताबा, आणि स्वतःच्या हाताने जेवणं. लॉटन आणि ब्रोडी यांच्या 1969 च्या यादीत आठ आहेत: फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं आणि पैशांचा व्यवहार. कुणाला घरी येणारी मदतनीस पुरेल, कुणाला दिवसभराचं केंद्र लागेल, कुणाला चोवीस तासांची निवासी काळजी, हे ठरवताना या याद्या हाताशी असतात.

इथे एक प्रयोग सुचवते. दुसरी यादी मुलांना स्वतःसाठी भरायला लावा, तीही परीक्षेच्या आठवड्यातली स्वतःची स्थिती धरून. स्वयंपाक दुसऱ्याच्या हातचा, कपडे दुसऱ्याने धुतलेले, पैसे घरून आलेले. निम्मा वर्ग ‘परावलंबी’ ठरतो. त्या तासानंतर ‘अवलंबित’ हा शब्द मुलं जपून वापरतात.

सोंगाचा अनुभव

धुरकट चष्मा, कानात बोळे, जाड हातमोजे, अंगावर वजनं बांधून तासभर म्हातारं व्हायचं. मुलांना हे फार आवडतं, फोटोही छान येतात. मला मात्र धास्ती वाटते. खऱ्या माणसाची नजर वर्षानुवर्षांत मंदावते आणि तेवढ्या काळात ते शंभर युक्त्या शिकतं. विद्यार्थ्यावर सगळी वैगुण्यं एकाच मिनिटात कोसळतात, युक्ती एकही हाताशी नसते. तासाअखेर सहानुभूती वाढलेली दिसते, पण तिच्यासोबत ‘असं जगण्यापेक्षा नको’ ही भीतीही मुक्कामाला येते.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या एजलॅबने ‘ॲग्नेस’ नावाचा असा पोशाख बनवला, तो मुख्यतः वस्तू आणि जागा रचणाऱ्यांना अडचणी उमगाव्यात म्हणून. त्या कामासाठी तो अगदी योग्य आहे. तुमच्याकडे वास्तुरचनेची किंवा अभियांत्रिकीची मुलं असतील तर जरूर करा, पण नंतर ‘तुला कसं वाटलं?’ असं विचारू नका. ‘या इमारतीत तुला कशामुळे अडलं आणि ते कसं बदलशील?’ असं विचारा. समाजकार्याच्या मुलांसाठी मी हा तास ठेवत नाही.

एक दिवसाची भेट

वृद्धाश्रमात बस भरून जायचं, गाणी म्हणायची, भेटवस्तू द्यायच्या, चारला परतायचं. सगळ्यात सोपा आणि सगळ्यात रूढ पर्याय हाच, आणि तो सोडून द्यावा असं मी स्पष्टच सांगेन. मुलं तिथे देणारी असतात आणि ज्येष्ठ घेणारे. कुणाचं नावही नीट लक्षात राहत नाही. शिवाय बहुसंख्य ज्येष्ठ संस्थांत राहतच नाहीत, ते घरी राहतात. ज्या विद्यार्थ्याने अभ्यासाच्या निमित्ताने फक्त वृद्धाश्रम पाहिला, त्याला वार्धक्याचा एक लहानसा आणि सर्वांत दुर्बळ तुकडा दिसला, पण तो त्यालाच पूर्ण चित्र समजतो. भेटच द्यायची तर ज्येष्ठांच्या वाचनगटाला, चालायला जाणाऱ्या चमूला किंवा दिवसभराच्या केंद्राला द्या, आणि किमान तीनदा.

सत्रभराचा सहवास

डेव्हिड बर्न्स आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये वयभेद कमी करण्याच्या उपायांवरचे 63 अभ्यास एकत्र तपासले. माहिती देणं आणि दोन पिढ्यांचा संपर्क घडवणं या दोन्हींची जोड जिथे होती, तिथे दृष्टिकोनातला बदल सगळ्यात मोठा आढळला. संपर्क कसा असावा याचं उत्तर त्याहून जुनं आहे. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये गटागटांतले पूर्वग्रह कमी होण्यासाठी चार अटी मांडल्या: बरोबरीचा दर्जा, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि संस्थेचा पाठिंबा. एक दिवसाच्या भेटीत यांतली पहिलीच अट मोडते.

मी करते ते असं. एक विद्यार्थी, एक ज्येष्ठ, आठ आठवडे, दर आठवड्याला एक तास. पहिल्या चार भेटी आयुष्याच्या आठवणींच्या. जुन्या आठवणींत रमणं हे भरकटणं नाही, आयुष्याचा हिशेब मांडण्याचं ते काम आहे, हा विचार बटलर यांनीच 1963 मध्ये मांडला होता, तो मुलांना आधी समजावून सांगते. पुढच्या चार भेटींत दोघांनी मिळून काहीतरी करायचं: एकमेकांना एक कौशल्य शिकवायचं, किंवा परिसरातल्या एखाद्या सेवेची पाहणी करून तिच्यातले दोष लिहायचे. हा दुसरा प्रकार सेवाक्षेत्राच्या मुलांना फार उपयोगी पडतो. फॉर्म कुठे अडतो, रांग कुठे लांबते, ‘मदतकेंद्रा’वर कुणी उद्धटपणे बोलतं का, हे ज्येष्ठाला माहीत असतं आणि विद्यार्थी ते नोंदवतो. इथे तज्ज्ञ कोण, हे सांगावं लागत नाही.

या पर्यायाची किंमत मोठी आहे, ती लपवणार नाही. जोड्या जुळवण्यात आणि वेळा बसवण्यात शिक्षकाचे आठवडे जातात. लेखी संमती लागते, ऐकलेलं बाहेर न बोलण्याचा करार लागतो. काही जोड्या जमत नाहीत, तेव्हा तिसऱ्या आठवड्याआधी बदलाव्या लागतात. सत्राच्या मध्यातच कुणाचा मृत्यू होऊ शकतो. माझ्या वर्गात हे घडलं तेव्हा माझी काहीच तयारी नव्हती आणि त्या मुलीला आम्ही नीट सावरू शकलो नाही. तेव्हापासून समुपदेशक आधी ठरवते आणि मगच जोड्या लावते. संपण्याची तारीख पहिल्याच भेटीत दोघांना सांगते, कारण न सांगता येणं थांबवणं ज्येष्ठाला सर्वांत जास्त लागतं.

आणखी एक तयारी अनिवार्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार समाजात राहणाऱ्या साठीपुढच्या दर सहांपैकी सुमारे एका व्यक्तीला वर्षभरात कोणत्या तरी स्वरूपाच्या छळाला तोंड द्यावं लागतं. म्हणजे तीस जोड्या लावल्या तर एखाद्या विद्यार्थ्याच्या कानावर असं काही पडेल, हे धरूनच चाला. ते त्याने कुणाला, किती वेळात सांगायचं आणि स्वतः काय करायचं नाही, हे एका पानावर लिहून पहिल्या भेटीआधी हातात द्या.

गुण कशाला द्यायचे? जवळीक किती झाली याला अजिबात नाही. रोजनिशीतल्या विचाराला द्या: गेल्या आठवड्यात काय वाचलं, या आठवड्यात काय ऐकलं, दोन्ही कुठे जुळलं आणि कुठे नाही.

तुमची परिस्थिती काय?

वर्ग वीस-तीसचा आणि सत्र पूर्ण हाताशी असेल, तर माहितीचे चार आठवडे आणि मग सहवास. विचार करत बसू नका. वर्ग शंभराच्या पुढे असेल तर तीन विद्यार्थ्यांमागे एक ज्येष्ठ ठेवा, किंवा पाच-सहा ज्येष्ठांना चार वेळा वर्गात बोलवून छोट्या गटांत बसवा. व्यासपीठावर मात्र बसवू नका. चारच तास मिळाले असतील तर चाचणी, दोन याद्या, एक तास ज्येष्ठांसोबत आणि एक तास घरी काळजी घेणाऱ्या माणसासोबत. बहुतेक काळजी कुटुंबात आणि बहुतेक वेळा बायकांकडून घेतली जाते, आणि अभ्यासक्रमात त्यांचा आवाज क्वचित येतो. प्रवास शक्यच नसेल तर फोनवरच्या भेटीही चालतात, फक्त ऐकू कमी येणाऱ्यांसाठी वेगळी सोय पाहावी लागते.

आणि अभ्यासक्रम मंजुरीला पाठवण्याआधी जवळच्या ज्येष्ठांच्या गटात जाऊन बसा. या मुलांना तुम्ही काय शिकवाल, एवढंच विचारा. त्यांनी सांगितलेले विषय आधी लिहा, आपले त्यांच्या खाली.