खसखस ओळखणाऱ्या गिऱ्हाइकाने मला 38,230 रुपयांना बुडवलं

38,230 रुपये. आकडा आधीच लिहून टाकते, कारण गेले दोन महिने मी तो सगळीकडे कमी करून सांगितला. आईला दहा हजार सांगितले, भिशीतल्या बायकांना "थोडे अडकलेत" एवढंच म्हणाले. खरा आकडा हा आहे आणि त्यातला एकही रुपया अजून परत आलेला नाही.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. महालक्ष्म्यांपुढच्या देखाव्यासाठी छोटी भांडी करता करता हे काम हाताला लागलं. आता चार वर्षं झाली, बाहुल्या जमवणाऱ्या लोकांसाठी वस्तू आणि सणांचे देखावे बनवते. साडेअकरा इंची फॅशन बाहुली असते ना, तिच्या मापाचं, म्हणजे एकास सहा. खरी बिंदगी, म्हणजे आंबील ठेवायचं मडकं, फूटभर उंच, तर माझी 5 सेंटीमीटर. पोळ्याचे बैल, संक्रांतीचं वाण, दिवाळीचा फराळ सगळं करते, पण माझी ओळख वेळ अमावस्येच्या संचाची. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडे शेतात पूजा करून जेवतात, ती वेळ अमावस्या. कडब्याची कोप म्हणजे खोपटी, आत चुन्याने रंगवलेले पाच पांडव, चुना-कावेच्या पट्ट्यांची आंबिलाची बिंदगी, भज्जी (मिसळ भाजी), बाजरीचे उंडे, तिळाची पोळी. खरा कडबा या मापात ओंडक्यासारखा दिसतो, म्हणून कोप केरसुणीच्या काड्यांची करते. पोळीवर खरे तीळ लावले तर बदाम चिकटवल्यासारखे दिसतात, म्हणून खसखस लावते, एकेक दाणा चिमट्याने. हे एवढं सांगायचं कारण पुढे कळेल.

ऑक्टोबरात एका माणसाचा मेसेज आला. पुण्यात संग्राहकांच्या बाहुल्यांचं आणि भेटवस्तूंचं दुकान आहे, खरेदी मी बघतो, असं म्हणाला. दुसऱ्याच वाक्यात त्याने विचारलं, "ताई, पोळीवर तीळ नाहीत ना? खसखस लावलीय तुम्ही."

चार वर्षांत हे कुणी ओळखलं नव्हतं. घरच्यांनीसुद्धा नाही. मी तिथेच फसले, पैसे नंतर गेले. आता कळतंय की खसखशीचं मीच एका फोटोखाली वर्षभरापूर्वी लिहिलं होतं आणि त्याने ते वाचलं होतं. तुमच्या कामातली बारीक गोष्ट अनोळखी माणूस पहिल्याच बोलण्यात ओळखून दाखवत असेल तर आधी स्वतःचं जुनं लिखाण चाळा. त्यात ती सापडेल.

मी काही डोळे झाकून विश्वास टाकला नाही. आधी एकच संच मागवला त्याने, 1,450 चा, कुरिअर आणि पॅकिंगचे 400 धरून 1,850. पैसे आले. बँकेच्या अॅपमध्ये जाऊन बघितले, खरे होते. संच गेला, पोहोचला, "मालकांना फार आवडला" असा निरोप आला. पंधरा दिवसांनी 48 संचांची ऑर्डर. 48 गुणिले 1,450, म्हणजे 69,600. पुण्या-मुंबईत राहणारे लातूर-धाराशिवकडचे लोक वेळ अमावस्येला गावी येऊ शकत नाहीत, त्यांना भेट द्यायला, असं कारण सांगितलं. मला ते पटलं. तुम्हालाही पटलं असतं. माझा सख्खा दीर पुण्यात असतो आणि त्या दिवशी शेताची आठवण काढून रडवेला होतो, मग मला का पटू नये?

निम्मे पैसे आगाऊ, 34,800, असं ठरलं. त्याआधी "व्हेंडर कोड"साठी, म्हणजे माल देणारी म्हणून नोंदणीसाठी, 2,500 अधिक 18 टक्के जीएसटी, 2,950. आगाऊ रकमेबरोबर परत मिळणार म्हणे. पावती आली, त्यावर जीएसटी क्रमांक होता, 27 ने सुरू होणारा, महाराष्ट्राचा. क्रमांक असतो 15 अक्षरांचा. त्यावर 14 होती. हे मी पोलिसात जायच्या आदल्या रात्री मोजलं. दोन मिनिटांचं काम होतं, जीएसटीच्या सरकारी साइटवर कुणालाही टाकून बघता येतं. मग दुकानाचे छापील खोकेच लागतील म्हणून 48 खोके, 110 रुपये एक, 5,280, ते "खोकेवाल्या"च्या खात्यावर. खोके आलेच नाहीत. जो तुमच्याकडून माल घेणार आहे तो तुमच्याकडूनच आधी पैसे मागतोय, नाव काहीही असो, नोंदणी, अनामत, खोके, तर तिथेच थांबा. मी थांबले नाही, कारण 1,850 खरे आले होते. मोठ्या माशासाठी त्यांनी 1,850 चा गळ टाकला होता.

आता तो शनिवार. नोव्हेंबरातला चौथा शनिवार, बँका बंद. दुपारी मी उंड्यांवर रंग देत बसले होते, हाताला फेविकॉल. मेसेज आला, खात्यात 64,800 जमा. लगेच फोन. "ताई, अकाउंट्सवाल्याने 34 च्या जागी 64 टाकले. साहेब ओरडतायत, माझ्या पगारातून कापतील. तेवढे 30,000 परत पाठवा, लाइनवरच राहा."

मेसेज दहा आकडी नंबरवरून आला होता. बँकेचा मेसेज बँकेच्या नावाच्या अक्षरांनी येतो, हे मला माहीत होतं. शिल्लक किती ते त्यात नव्हतं. तेही दिसलं होतं. सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, कोपऱ्यात शेंगा फोडत होत्या. त्या म्हणाल्या, "आलेत म्हणलालाय तर बँकेत जाऊन पुस्तक भरून आण की. एवढी कसली घाई लागलीय त्याला?" मी म्हणाले, "आत्या, आज बँक बंद असते." आणि मनात म्हणाले, यांना काय कळतंय. एनईएफटी, म्हणजे बँकेतून बँकेत पैसे पाठवणं, 2019 च्या डिसेंबरपासून चोवीस तास चालतं हे मला ठाऊक, त्यामुळे शनिवारी पैसे येऊ शकतात हेही ठाऊक. माझी माहिती बरोबर होती आणि आत्यांना काहीच माहीत नव्हतं. तरी बरोबर त्याच बोलत होत्या.

त्याने ओटीपी मागितला नाही. लिंक पाठवली नाही. क्यूआर कोड पाठवला नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे मी दहा जणींना शिकवलेलं आहे. इथे मी पैसे पाठवतच होते, मग पिन टाकणारच.

आधी 20,000 पाठवले. आता जे लिहिते ते आठवलं की अजून पोटात कालवतं. खात्यात तेव्हा 31,412 होते, त्यातले 25,000 भिशीचे, त्याच महिन्यात उचललेले. 20,000 जाताच बँकेचा मेसेज आला, खरा, अक्षरांच्या नावाचा. शिल्लक 11,412. फोन कानाला होता, तो सतत बोलत होता. मी कानापासून फोन बाजूला घेऊन बघितलं. 11,412 हा आकडा मी वाचला. 64,800 आले असते तर तो 76,212 असायला हवा होता. दुकानात पाच रुपये कमी आले तर मी परत जाणारी बाई आहे. पण कानात आवाज चालू होता, "ताई, दहा राहिले, ताई, झाले का?", आणि मी स्वतःलाच सांगितलं की शिल्लक नंतर दिसत असेल. अंगठ्यावर वाळलेल्या फेविकॉलची साल निघून स्क्रीनला चिकटली होती, ती नखाने काढली आणि त्याच अंगठ्याने 10,000 पाठवले. शिल्लक 1,412. फोन कट.

पैसे पाठवताना कुणालाही लाइनवर ठेवू नका. फोन ठेवा, अॅप उघडा, शिल्लक बघा, मग बोला. समोरचा चिडला तर चिडू द्या.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन लावायला हवा होता. मी तासभर त्याच माणसाला लावत बसले. मग 1930 चाळीस मिनिटांनी लागला. तक्रार क्रमांक मिळाला, बोलणारी मुलगी चांगली होती, ते खोटं सांगणार नाही. पुढचं सगळं मात्र फरफटच. पोलीस ठाण्यात गेले तर समोरच्याने विचारलं, "बाहुल्यांची भांडी? ती कोण 1,450 ला घेतं?" आणि शेजारचा हसला. माझे 38,230 गेलेत आणि मला माझ्या कामाची किंमत सिद्ध करायची होती. संच सोबत नेला होता, पुरावा म्हणून, तो मी पिशवीतून काढलाच नाही. गुन्हा नोंदवला नाही, साधा अर्ज घेतला. म्हणे खातं दुसऱ्या राज्यातलं, तिकडे जा. मी लातूर जिल्ह्यातून उठून तिकडे जाऊ? घरी येऊन वाचलं तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्पष्ट आहे, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यायचीच. फसवणुकीचं पूर्वीचं 420 आता न्याय संहितेत 318 आहे. हे कागदावर लिहून दुसऱ्यांदा गेले, तर "तुम्ही वकील आहात का?" वकील असायला लागतं का तक्रार द्यायला?

बँकेने सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय, आमच्याकडे काही होत नाही, गुन्ह्याची प्रत आणा. ठाण्याने सांगितलं, बँकेचा शिक्क्याचा खातेउतारा आणा. उतारा न्यायला गेले तर शिक्का मारणारे रजेवर. जिल्ह्याच्या ठिकाणी सायबरवाल्यांकडे गेले, तिथे मोठ्या रकमांची प्रकरणं आधी घेतो म्हणाले. माझी रक्कम मोठी नाही? कुणाच्या हिशोबाने? सहा खेपा झाल्या. एसटीचं अर्धं तिकीट आहे म्हणून जमलं, पण दिवस अख्खा जातो आणि अर्धी किंमत त्या दिवसाची कुणी देत नाही. पाचव्या खेपेला कळलं की ज्या खात्यात पैसे गेले त्यात 3,140 गोठवलेत, बाकीचे पुढे पळवले. ते 3,140 हवे असतील तर कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. वकिलाला विचारलं, त्याची फी त्याहून जास्त.

एक काम मात्र त्याच रात्री करा. सगळ्या गप्पांचे स्क्रीनशॉट काढा. त्याने रात्री साडेदहाला आपले बरेचसे मेसेज पुसले. मी पुसायच्या आधी निम्मेच काढले होते. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक असतो, तो वहीत लिहून ठेवा. सगळे आधी तोच विचारतात.

साहित्याचे 9,470 वेगळे गेले. एकोणीस बिंदग्या रंगवून तयार आहेत, फडताळात ओळीने. वेळ अमावस्येला आम्ही शेतात गेलो, कोपीपुढे आत्यांनी खरी बिंदगी ठेवली, आणि मला तिच्याकडे बघवेना. आत्या त्या शनिवारबद्दल आजवर एक अक्षर बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

लिहायचं नव्हतं मला हे. पण मागच्या आठवड्यात परभणीहून एका मुलीचा फोन आला. ती बाहुल्यांच्या साड्या आणि दागिने करते. तिने विचारलं, "ताई, तुम्ही त्या पुण्याच्या दुकानाला माल देता ना? त्यांनी तुमच्या कोपीचा फोटो पाठवलाय, तुमचा नंबर नव्हता, शोधून काढला. म्हणाले, लातूरच्या ताई आमच्या जुन्या व्हेंडर आहेत." तिच्याकडे 2,950 मागितले होते. आधी 1,200 ची छोटी ऑर्डर दिली होती, पैसे चोख दिले होते. म्हणजे माझे पैसे घेऊन त्याचं भागलं नाही, आता माझं नाव गळाला लावून फिरतोय. तिने भरले नव्हते. मला फोन करून विचारलं म्हणून वाचली.

गुरुवारी मी सातव्यांदा जिल्ह्याच्या ठिकाणी जातेय, या वेळी तिचेही स्क्रीनशॉट घेऊन. ज्यांना ज्यांना असा "व्हेंडर कोड" मागितला गेला, पैसे भरले असोत वा नसोत, त्यांनी बुधवारच्या आत मला कळवा. बिंदगीचा, कोपीचा, खसखशीच्या पोळीचा फोटो दाखवून कुणी माझं नाव सांगत असेल तर तो माझा कुणी नाही.