कुत्र्याचे केस: सूत काढायचं की नमदा?

फोंड्याच्या वहिनी विचारतायत, गोल्डन रिट्रीव्हरचे केस पिशवीभर साठलेत, काय करू? सूत काढता येतं, नाहीतर नमदा, म्हणजे न विणता केस चोळून-दाबून केलेलं जाड कापड. सुतासाठी ब्रशने निघालेला आतला मऊ थरच हवा, निदान दीड-दोन इंच लांब, कात्रीचे आखूड केस टोचतात नि गळत राहतात, वर टकळीवर हात बसायला वेळ लागतो. ऊब मेंढीच्या लोकरीहून जास्त, पण लवचीकपणा कमी म्हणून स्वेटर लोंबतो, आणि गोव्यात स्वेटर घालणार कधी? नमद्याला साबण, गरम पाणी, भरपूर चोळणं, बस्स. फक्त नुसते केस नीट धरत नाहीत, लोकर मिसळावी लागते, तेवढा खर्च. धुणं दोन्हीला हवंच, नाहीतर पावसाळ्यात वास सुटतो. थंडीच्या गावी मफलर पाठवायचा तर सूत, घरात आसन हवं तर नमदा.